पॉली उम्रीगरला संघात घ्यायचं का?

सोलापूर, १९३५

तुम्ही सोलापूर स्टेशनात उतरता तेव्हा मिलचा भोंगा नुकताच वाजून गेलेला असतो. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. पाळी सुटलेले कामगार एका बाजूने येतात, पाळीवर निघालेले दुसऱ्या बाजूने जातात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रस्त्यावर तुमच्या कानावर पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी होऊन जेमतेम चार वर्षं झाली आहेत. मार्शल लॉची आठवण गावात अजून ओली आहे.

तुम्ही इथे एका कामासाठी आला आहात. तुम्हाला क्रिकेटचा एक काल्पनिक संघ बांधायचा आहे. कुठल्याही काळात जा, कुठल्याही मैदानावर बसा, कुणालाही निवडा. अट एकच: ज्या दिवशी निवड कराल, त्या दिवशी जगाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच निर्णय घ्यायचा. पुढचं पान उलटायचं नाही. आणि प्रत्येक निवडीशेजारी तिचं कारण लिहायचं.

गावात कापडाच्या धंद्यातलं एक पारशी कुटुंब आहे. त्यातला मुलगा पहलन, पहलन रतनजी उम्रीगर. जन्म १९२६चा. जन्मगाव कुणी मुंबई लिहितं, कुणी सोलापूर. पण पोर वाढलं ते इथे. आज तो नऊ वर्षांचा आहे. रणजी स्पर्धा सुरू होऊन एकच हंगाम झालाय. नऊ वर्षांच्या मुलाच्या धावा कुणी वहीत मांडत नाही. तुमच्याकडे त्याच्याबद्दल एकही आकडा नाही.

मग त्याला निवडायचं का? नाव लिहून ठेवा, जागा देऊ नका. कोवळ्या खेळाडूवर संघाची मोठी जागा किंवा मोठी रक्कम अडकवणं हा हौशी मॅनेजरचा पहिला धोका असतो. शंभरातला एखादाच वर येतो, आणि तो कोणता हे नवव्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. काही वर्षांत हे कुटुंब मुंबईला जाईल. तुम्ही तोवर नियम शिकून या.

न्यूयॉर्क, एप्रिल १९८०

तुम्ही एका लिलावात मागच्या खुर्चीवर बसला आहात. लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट यांनी गेल्या हिवाळ्यात हा खेळ आखला आणि मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ नावाच्या हॉटेलात जेवता जेवता मित्रांना समजावला. त्यावरून खेळाचं नाव पडलं रोटिसरी लीग. आकड्यांवरचे असे खेळ याआधीही होते. १९६०मध्ये हार्वर्डमधले समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी सहकाऱ्यांबरोबर असाच एक खेळ सुरू केला होता. पण ओक्रेंट यांच्या मंडळींनी त्याला लिलाव दिला, आणि खेळ पुरता बदलला.

नियम नीट ऐका. प्रत्येक मालकाकडे सारखेच डॉलर, आणि त्यात पूर्ण संघ घ्यायचा. खेळाडू खऱ्या बेसबॉल लीगमधले, त्यांचे आकडेही खरे. बॅटिंगचे चार रकाने: सरासरी, होम रन, आणून दिलेल्या धावा, चोरलेले बेस. पिचिंगचेही चार: विजय, सेव्ह, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, आणि दर डावामागे बेसवर सोडलेली माणसं. दहा संघ असतील तर प्रत्येक रकान्यात पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. आठही रकान्यांची बेरीज ज्याची सर्वांत मोठी, तो जिंकला. ही बेरीज इथे वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं बघून हाताने करतात. हंगामाच्या शेवटी विजेत्याच्या डोक्यावर यू-हू नावाच्या चॉकलेटी पेयाची बाटली रिकामी करतात.

पहिल्या अर्ध्या तासातच तुम्हाला एक गोष्ट दिसते. ज्याने होम रन मारणाऱ्या तीन बड्या नावांवर पैसा उधळला, तो त्या एका रकान्यात पहिला येईल आणि बाकीच्या सातांत खाली घसरेल. होम रनमध्ये दुसऱ्यापेक्षा पाचाने पुढे राहिलात काय किंवा पन्नासने, गुण तेवढेच. पन्नासांतले पंचेचाळीस होम रन वाया गेले. तोच पैसा बेस चोरणाऱ्यावर किंवा सेव्ह मिळवणाऱ्या पिचरवर लावला असता, तर दोन-तीन गुण जास्त मिळाले असते. इथे खेळाडूची किंमत त्याच्या थोरवीवर ठरत नाही. त्याच्या जागी फुकटात मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा तो किती जास्त देतो, यावर ठरते. चांगले कॅचर कमी असतात, म्हणून मध्यम बॅटिंग करणारा कॅचरही महाग पडतो.

हा विचार फक्त न्यूयॉर्कच्या हॉटेलात चाललेला नाही. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात बिल जेम्स नावाचा तरुण डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रखवालदारी करत होता. ती नोकरी करता करताच त्याने बेसबॉलचे आकडे मांडले आणि १९७७मध्ये स्वतःच्या खर्चाने पहिलं पुस्तक काढलं. जाणकार वर्षानुवर्षं जे छातीठोकपणे सांगत आले, ते आकड्यांत टिकतं का, एवढाच त्याचा प्रश्न होता. मिलच्या गावातून आलेल्या तुम्हाला हा माणूस चटकन कळतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: ही लीग आखणाऱ्या ओक्रेंट यांना ती स्वतः कधीच जिंकता आली नाही. नियम ठाऊक असणं आणि माणूस ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

सिनसिनाटी, १८६९

हे रकाने आले कुठून, ते बघायला शंभर वर्षं मागे जा. मैदानावर सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज उतरला आहे: सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा बेसबॉलचा पहिला संघ. कर्णधार हॅरी राइट यांना हंगामाचे १,२०० डॉलर, त्यांचा धाकटा भाऊ जॉर्ज याला १,४००. धाकट्याला जास्त, कारण संघातला सर्वांत चांगला खेळाडू तोच. भावापेक्षा भावाला जास्त मोजायचं ठरवणारा संघ निवडीच्या बाबतीत किती गंभीर होता, ते या दोन आकड्यांत दिसतं. हंगामात त्यांनी ५७ सामने जिंकले, एकही हरले नाहीत.

आता हॅरी राइट कोण ते पाहा. जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये व्यावसायिक खेळाडू. हॅरी स्वतःही आधी क्रिकेटच खेळले. आणि मैदानाच्या कडेला वहीत खुणा करणारे हेन्री चॅडविक? तेही इंग्लंडहून आलेले, आधी क्रिकेटच्या सामन्यांच्या बातम्या लिहिणारे. क्रिकेटचा धावफलक त्यांच्या हाताला सवयीचा होता. तीच शिस्त त्यांनी बेसबॉलला लावली: कोण खेळला, किती धावा, किती चुका, सगळं एका चौकटीत. त्या चौकटीमुळे सामना न पाहिलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून सामना वाचता येऊ लागला. खेळाडू मैदानावर, निवडणारा घरी, आणि दोघांमध्ये आकड्यांचा पूल. काल्पनिक संघांच्या या खेळाचा, म्हणजे फँटसीचा, पाया तेव्हाच घातला गेला.

तेव्हा बेसबॉलचे नियम क्रिकेटला लावताना बिचकू नका. क्रिकेटच्या वहीतून जे गेलं, तेच परत येतंय.

मद्रास, फेब्रुवारी १९५२

चेपॉकवर भारत-इंग्लंड पाचवी कसोटी. सोलापूरचा मुलगा आता २५ वर्षांचा उंचापुरा फलंदाज झालाय. १९४८मध्ये विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११५ करून त्यांनी लक्ष वेधलं आणि त्याच मोसमात कसोटीत पाऊल ठेवलं. पण तीन वर्षांनंतरही नावावर एकही कसोटी शतक नाही. या सामन्यात त्यांना जागाही नव्हती. हेमू अधिकारी जखमी झाले, म्हणून उम्रीगर आत आले.

तुमच्या वहीतले आकडे काय सांगतात? बाहेर ठेवा. आता खेळ पाहा. उम्रीगर १३० धावा काढून नाबाद राहतात. पंकज रॉय यांचं शतक आधीच झालेलं आहे, आणि विनू मांकड सामन्यात १२ बळी घेतात. १० फेब्रुवारीला भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकतो. पहिली कसोटी खेळल्यावर वीस वर्षांनी आलेला हा पहिला विजय.

ज्याला बदली म्हणून आणलं, तोच या विजयाचा एक खांब ठरला. तरी यातून ‘राखीव खेळाडू नेहमी चमकतो’ असा नियम काढू नका. तो एका सामन्यावरचा नियम होईल. नोंद एवढीच करा: या माणसाच्या खेळाची वरची मर्यादा तुम्ही आज पाहिली. सरासरी हा निम्माच हिशेब. चांगल्या दिवशी खेळाडू कुठवर पोचतो, हा उरलेला निम्मा. आज त्यांना संघात घ्या.

मँचेस्टर, जुलै १९५२

पाच महिन्यांत तुमची परीक्षा येते. ओल्ड ट्रॅफर्डवर ढग उतरलेत आणि फ्रेड ट्रूमन धावत येतोय. २१ वर्षांचा, विलक्षण वेगवान. भारत ५८ धावांत गारद. ट्रूमनचे ३१ धावांत ८ बळी. त्याच दिवशी दुसरा डावही संपतो, ८२वर. मालिका संपते तेव्हा उम्रीगरांच्या नावावर सात डावांत ४३ धावा असतात. सरासरी ६.१४.

आसपासचे सगळे म्हणताहेत, काढून टाका. इथेच फँटसीतला सर्वांत कठीण निर्णय येतो: हे अपयश त्या खेळाडूचं खरं माप आहे, की ठरावीक परिस्थितीत आलेला वाईट काळ? बेसबॉलवाले इथे दोन प्रश्न विचारतात. तेच तुम्ही विचारा.

पहिला प्रश्न, आकडे किती डावांचे? सातच. मग मोठा आकडा शोधा. याच दौऱ्यात कौंटी आणि इतर संघांविरुद्धचे सामने धरून उम्रीगरांनी प्रथम श्रेणीत १,६८८ धावा काढल्या आहेत. भारतीय संघात सर्वाधिक. याच देशात, याच उन्हाळ्यात.

दुसरा प्रश्न, अपयशाला कारण आहे का? आहे, आणि ते लपवू नका. अस्सल वेगापुढे ते मागे सरकत होते. केवळ नशिबाला दोष देणारा मॅनेजर जितका चुकतो, तितकाच सात डावांवरून माणूस मोडीत काढणाराही. दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली की निर्णय असा निघतो: संघात ठेवा, पण कुठल्या गोलंदाजीपुढे उभं करायचं ते बघून ठेवा.

आता पोर्ट ऑफ स्पेनला चला, जानेवारी १९५३. समोर रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांची फिरकी. पहिल्याच कसोटीत उम्रीगर १३० करतात. मालिकेत ५६० धावा, दोन शतकं, सरासरी ६२. मँचेस्टरनंतर त्यांना टाकून दिलेला मॅनेजर हे सगळं मैदानाबाहेरून पाहत राहतो.

कुणी म्हणेल, वेस्ट इंडिजकडे ट्रूमन नव्हता. रास्त शंका आहे. म्हणून १९५९मध्ये पुन्हा मँचेस्टरला या. तेच ओल्ड ट्रॅफर्ड, तोच ट्रूमन, आणि सात वर्षांनी मोठे झालेले उम्रीगर. भारत सामना हरतो. पण अब्बास अली बेग यांच्याप्रमाणेच उम्रीगरही शतक झळकावतात: ११८. खेळाडू शिकतो, हे कुठल्याही एका हंगामाच्या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी निवडणाऱ्याला थांबावं लागतं.

मद्रास, जानेवारी १९५९

मँचेस्टरच्या त्या शतकाच्या काही महिने आधीच्या एका रात्रीकडे मागे वळा. वेस्ट इंडिजविरुद्धची चौथी कसोटी उद्या सुरू होणार आहे. उम्रीगर कर्णधार आहेत. याआधी न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी कर्णधार म्हणून दोन कसोटी जिंकून दिल्या आहेत, आणि १९५५मध्ये हैदराबादला २२३ करून भारताचं पहिलं कसोटी द्विशतकही त्यांनीच काढलं आहे. आज रात्री वाद आहे तो अकरा जण कोण खेळणार याचा. कर्णधाराला हवा तो खेळाडू मिळत नाही. उम्रीगर कर्णधारपद सोडतात. सकाळी नाणेफेकीला मांकड जातात, आणि त्या एका मालिकेत भारताचे चार कर्णधार होतात.

तुमच्या वहीत या रात्रीसाठी रकाना नाही, तरी ही रात्र लिहून घ्या. तुम्ही खेळात रोज मिनिटभरात अकरा नावं ठरवता आणि मिनिटभरात बदलता. त्या माणसाने अकरा नावांसाठी देशाचं कर्णधारपद सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी साधा खेळाडू म्हणून मैदानात उतरला. निवड ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे त्यांच्याइतकं ठामपणे क्वचित कुणी दाखवलं असेल. पुढे १९७८ ते १९८२ या काळात राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. बदली म्हणून आत येण्याचं सुख आणि नाकारलं जाण्याचं दुःख, दोन्ही अनुभवलेला माणूस त्या खुर्चीत बसला.

पोर्ट ऑफ स्पेन, एप्रिल १९६२

हा सामना चुकवू नका. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारातून परतलेत. २१ वर्षांचे पतौडी संघ सांभाळताहेत. समोर हॉल, सोबर्स, गिब्ज. आणि ३६ वर्षांचे उम्रीगर.

वेस्ट इंडिज ९ बाद ४४४वर डाव सोडतं. त्यात उम्रीगरांनी १०७ धावा देऊन ५ बळी घेतले आहेत. भारत १९७, त्यात उम्रीगरांच्या ५६. फॉलोऑन. दुसऱ्या डावात सलीम दुराणी १०४ करतात, आणि उम्रीगर नाबाद १७२. वेगाला बिचकतो म्हणून ज्याला हिणवलं, तो हॉलपुढे शेवटपर्यंत उभा आहे. भारत सात गड्यांनी हरतो.

रोटिसरीचे रकाने काढा आणि मांडा. एका जागेतून २२८ धावा आणि पाच बळी. अष्टपैलू खेळाडूचं मोल इथे कळतं. अकराच जागा असतात. एकाच जागेतून दोन रकाने भरले की उरलेल्या दहा जागांत एका खास फलंदाजाला किंवा गोलंदाजाला वाव मिळतो. सुट्या सुट्या तक्त्यांत उम्रीगर फलंदाजांत अव्वल आणि गोलंदाजांत मधले दिसतील. ५९ कसोटींत ३,६३१ धावा आणि ३५ बळी. संघ बांधणाऱ्याला मात्र दोन्ही तक्ते एकत्र वाचता यायला हवेत. या दौऱ्यानंतर ते निवृत्त झाले. तेव्हा त्यांची १२ शतकं हा भारतीय विक्रम होता, आणि तो पुढे सुनील गावसकरांनी मोडला. आज बीसीसीआय वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला जो पुरस्कार देतं, तो पॉली उम्रीगर यांच्या नावाने आहे.

मुंबई, २० फेब्रुवारी २००८

न्यूयॉर्कच्या त्या लिलावाची मोठी आवृत्ती आता तुमच्यासमोर घडतेय, आणि यात खेळाडू खरोखर विकले जाताहेत. आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक संघाकडे ५० लाख डॉलर. चेन्नई एकट्या धोनीवर १५ लाख लावते. तीस टक्के पैसा एका माणसावर. पण तो यष्टिरक्षक, फलंदाज आणि कर्णधार. तीन गरजा एका जागेत भागल्या. दुसरीकडे ३८ वर्षांचा शेन वॉर्न साडेचार लाखांच्या पायाभूत किमतीला राजस्थानकडे जातो, कुणी त्याच्यावर चढी बोली लावत नाही. पहिलं विजेतेपद राजस्थानचं. महाग खेळाडू घेणंही बरोबर असू शकतं, स्वस्त घेणंही. किमतीच्या बदल्यात काय मिळालं, तेवढंच बघायचं.

सोलापूर, आज

परत या. मिलचे भोंगे थांबलेत. भुईकोट किल्ल्याशेजारच्या पार्क स्टेडियमवर नेटमध्ये मुलं बॅट फिरवताहेत. आणि तुमच्यापुढे पुन्हा एक सोलापूरचा अष्टपैलू आहे: अर्शिन कुलकर्णी. जून २०२३मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या एका सामन्यात त्याने ५४ चेंडूंत ११७ केल्या, १३ षटकार मारले आणि चार बळीही घेतले. डिसेंबरमध्ये आयपीएलच्या लखनौ संघाने त्याला २० लाख रुपयांना घेतलं. पुढच्याच महिन्यात एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध शतक केलं.

त्याला घ्यायचं का? आता तुम्हाला प्रश्न कसे विचारायचे ते माहीत आहे. ११७ हा वरच्या मर्यादेचा पुरावा आहे, सरासरीचा नाही. आकडे अजून थोड्या डावांचे आहेत. दोन रकाने भरण्याची शक्यता खरी आहे. आणि गाववाला म्हणून दोन पैसे जास्त मोजावेसे वाटताहेत, हेही कारणांच्या यादीत प्रामाणिकपणे लिहा, म्हणजे ते गणितात नकळत शिरणार नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि फँटसी क्रिकेटच्या मोठ्या कंपन्यांना पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मला यात नुकसान दिसत नाही. रोज रात्री नवा संघ, रोज नवा पैसा, या घाईत उम्रीगरसारखा खेळाडू कुणाच्याच हाती लागला नसता. सात डावांनंतर तो सगळ्यांच्या संघातून गेला असता, आणि सात वर्षं थांबायला कुणाकडे सवड नसती. फँटसीचं खरं शिक्षण पूर्ण हंगामात आहे, लिलावात आहे, आणि मित्रांपुढे आपली निवड मांडण्यात आहे.

तेव्हा आठ-दहा जण जमवा. मोहल्ल्यातले, कॉलेजातले, घरातले. प्रत्येकाला सारखे काल्पनिक रुपये द्या. अकरा खेळाडू, सहा रकाने, पूर्ण रणजी हंगाम. लिलावात बड्या नावांवर इतर जण पैसा संपवत असताना थोडी रक्कम राखून ठेवा. चांगला माल बऱ्याचदा मधल्या टप्प्यात स्वस्त जातो. वाईट आठवड्यावरून कुणाला काढू नका, आणि काढायचंच असेल तर किती डाव पाहिले ते आधी लिहा. दर निवडीशेजारी एका ओळीत कारण लिहा. हंगाम संपला की सगळ्यांच्या वह्यांतली कारणं मोठ्याने वाचा. जो जिंकला त्याचं कौतुक करा. आणि ज्याची कारणं सर्वांत खरी निघाली, त्याला पुढच्या हंगामाच्या लिलावाचा अध्यक्ष करा.